गोदामातले थर्मास

१

सोमवारी सकाळी अकरा वाजता जी गोष्ट सगळ्या देशाला कळायची होती, ती शेठला आदल्या शुक्रवारीच कळलेली होती.

मी शुल्क कार्यालयात दक्षता अधिकारी आहे. परदेशातून येणाऱ्या कुठल्या वस्तूवर किती टक्के आयातशुल्क लागणार, त्याची यादी आमच्याकडे तयार होते. जाहीर होईपर्यंत ती फुटू नये हे बघणं माझं काम. कार्यालयात मला पाठीमागे 'चिमटा' म्हणतात आणि तोंडावर मॅडम. मला दोन्ही चालतं.

मंगळवारी दुपारी आम्ही शेठच्या गोदामाचं शटर वर केलं. शेठ म्हणजे शहरातला औषधांचा घाऊक व्यापारी. आत छतापर्यंत खोकी रचलेली होती, चालायला जेमतेम हातभर वाट. ज्या तान्ह्या मुलांना साधं दूध पचत नाही त्यांच्यासाठीची परदेशी दूध पावडर, नऊशे खोकी. सोमवारच्या यादीत तिच्यावरचं शुल्क पाचाचं पंचवीस टक्के झालं होतं. शहरातल्या एकाही दुकानात त्या दिवशी तिचा डबा शिल्लक नव्हता, आणि पुढची बोट यायला दहा दिवस होते.

"शुक्रवारी एकदम एवढी खरेदी कशी सुचली?" आमच्या संचालकसाहेबांनी विचारलं.

"धंद्यात अंदाज लागतो साहेब," शेठ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

गोदामाच्या मागच्या भिंतीला वेगळीच खोकी होती. मी एक फोडलं. आत थर्मास होते. चहा गरम ठेवायचे, परदेशी, काचेच्या पोटाचे. मोजले तर चौदाशे भरले.

"आणि हे काय?"

"थंडी येतेय ना मॅडम."

आमच्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. खरं सांगायचं तर मीही हसले, आणि ते थर्मास मनातून पुसून टाकले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. दोन दिवस वाया गेले ते त्यामुळेच.

गोदामाला सील ठोकत होतो तेवढ्यात शेठच्या टेबलावरचा फोन वाजला. तो आमच्यासाठी होता. यादी ज्यांच्या हातातून गेली त्यांच्या घरी दुसरं पथक झडती घेत होतं. आमच्या टायपिस्टबाईच्या फडताळात त्याच पावडरचे बारा डबे सापडले होते.

२

टायपिस्टबाईला सगळे ताई म्हणतात. वीस वर्षांत तिने उशिराचा शेरा घेतला नाही की कुणाशी आवाज चढवला नाही. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, त्याच्यावर दुपट्यांची चळत. आतल्या खोलीत तिची मुलगी भिंतीकडे तोंड करून निजलेली. बाळंतपणानंतर तिला जे दुखणं लागलं, त्याची औषधं इतकी कडक होती की तिला बाळाला अंगावर पाजता येत नव्हतं. नातू चार महिन्यांचा. गाईचं दूध दिलं की ओकायचा, निळा पडायचा.

पथकातल्या माणसाने बारा डबे दोरीने बांधले आणि गाठीवर लाख ओतली. ताई बाळाला खांद्यावर घेऊन बघत उभी होती.

"हे बारा डबे कुठून आणले?" मी विचारलं.

"कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून. शुक्रवारी."

"शुक्रवारीच का? तुम्ही यादी गुरुवारी टाइप केलीत."

"त्यानंच सांगितलं मॅडम. शेठचा माणूस दुकानादुकानांतून डबे परत उचलतोय म्हणाला. हवे असतील तर आत्ताच न्या, मागच्या दारानं. बांगडी मोडली मी. तीन महिन्यांची बेगमी करून ठेवली, दुसरं काय करणार?"

पथकातला माणूस खाकरला. केमिस्टने त्याला आधीच लिहून दिलं होतं की आपण या बाईंना शुक्रवारी काहीही विकलेलं नाही.

ताईने माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. पुढचं वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं.

"मला काय हवं ते करा. पण डबे नेऊ नका."

"पुरावा आहे तो. न्यावेच लागतात." मी ओट्यावरच्या उघड्या डब्यात डोकावले. "हा किती दिवस जाईल?"

"शनिवार सकाळपर्यंत. चमचा सपाट भरला तर दुपारपर्यंत."

त्याच संध्याकाळी साहेबांनी तिच्या निलंबनाच्या कागदावर सही केली. शनिवारी सकाळी पोलिसांत तक्रार द्यायची ठरली. तोवर दुसरं नाव समोर आलं तरच डबे सुटणार होते. माझ्या हातात साडेतीन दिवस होते आणि दुसरं नाव नव्हतं.

३

यादीची पद्धत सांगते, कारण सगळी गोम तिच्यातच होती.

आमच्या यादीत वस्तूंची नावं नसतात. फक्त क्रमांक आणि त्यापुढे टक्के. वरून बंद पाकिटं येतात, त्यांतही क्रमांकच असतात. हेडक्लार्क त्यांची क्रमवारी लावतो, ताई टाइप करते, धाकटे साहेब ताडून बघून सही करतात आणि कागद तिजोरीत जातो. कुठल्या क्रमांकाची वस्तू कोणती हे क्रमांकपुस्तकात छापलेलं असतं, आणि नावं यादीत चढतात ती सोमवारी सकाळी छापखान्यात. संचालकसाहेबांनाही यादी दिसते ती त्याच वेळी. म्हणजे ती आधी पाहणारी माणसं तीन. ताई, धाकटे साहेब आणि हेडक्लार्क.

धाकट्या साहेबांपासून सुरुवात केली. वय पस्तीस, बूट कायम चकचकीत, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण वर्गात मागच्या बाकावर बसलोय असं वाटावं. शुक्रवारी ते दोन तास लवकर निघाले होते. शिवाय त्यांच्या मेहुण्याचं तेलाचं दुकान आहे हे मला ठाऊक होतं. आणि यादीतली सगळ्यात मोठी वाढ खाद्यतेलावर होती, दहाचं थेट पस्तीस टक्के.

"माझ्यावर संशय आहे म्हणा की सरळ," ते म्हणाले.

"आहेच. शुक्रवारी कुठे गेला होतात?"

"दाढ काढायला." त्यांनी तोंड उघडून खिंडार दाखवलं. "आणि मेहुण्याचं म्हणाल तर सोमवारी तो माझ्या घरी येऊन थयथयाट करून गेला. दुकानात तेलाचे चारच डबे उरलेले. घरचा माणूस असून शब्दानं बोलला नाहीस म्हणाला. बायको तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. विचारा हवं तर."

मी विचारलं. ती खरोखरच बोलत नव्हती.

हेडक्लार्कना आम्ही नाना म्हणतो. मी नोकरीला लागले तेव्हा या कामातलं अक्षर न् अक्षर मला नानांनी शिकवलं. बाकीचे मॅडम म्हणतात, ते अजून पोरी म्हणतात. निवृत्तीला तीन महिने राहिलेले. सगळं क्रमांकपुस्तक त्यांना तोंडपाठ आहे, अशी त्यांची ख्याती. नवीन आलेल्या माणसाला त्यांच्यासमोर उभं करून त्यांचीच परीक्षा घ्यायला लावायची, ही आमच्याकडची जुनी गंमत.

त्यांच्या खोलीत वारा फार. खिडकीची झडप आपटू नये म्हणून त्यांनी एक जाडजूड पुस्तक मध्ये सरकवून ठेवलं होतं. त्याच्यावरचा पारदर्शक कागद वाऱ्याने फडफडत होता.

"ताईचं वाईट झालं," मी म्हटलं.

"हं." ते चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं पोरी. डबे सापडले ना तिच्याकडे?"

त्यांचा आवाज इतका ओढलेला होता की मला त्यांची कीव आली. वातावरण हलकं करावं म्हणून जुनी गंमत काढली. "नाना, छत्री?"

"एकशे त्र्याण्णव," ते क्षणात म्हणाले. मग एकदम गप्प झाले. "जा आता. मला काम आहे."

जन्मात पहिल्यांदा नानांनी मला खोलीतून जा म्हणून सांगितलं होतं.

४

गुरुवारी सकाळी मी केमिस्टकडे गेले. अरुंद दुकान, काचेच्या कपाटांमध्ये एकाला जेमतेम वळता येईल एवढी जागा. मला पाहताच त्याची पाचावर धारण बसली.

"मी लिहून दिलंय मॅडम. शुक्रवारी काही विकलं नाही."

"डबा केवढ्याचा होता?"

"पाचशे ऐंशी."

"आता?"

"आता आहे कुठे? असता तर सहाशे नव्वदला जायला हवा. शेठ नऊशे सांगत होता."

"शुल्क वीस टक्के वाढलं तर किंमत एकशेदहानं कशी वाढली? डब्याची मूळ किंमत चारशे. चारशेवर वीस टक्के म्हणजे ऐंशी."

इतका वेळ घाबरलेला माणूस एकदम चिडला. त्या दिवसांत माझ्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

"तुमच्या कागदावर ऐंशीच होतात! तो ऐंशी धरून शेठ आपले टक्के लावतो. शेठचे धरून मी माझे लावतो. मी चोर नाही, भाडंही टक्क्यांनीच वाढतं माझं. आणि तेलाचं बघितलंत का? शुल्क परदेशी तेलावर, पण गावातल्या तेलघाणीवाल्यानं मंगळवारीच भाव चढवला. त्याला कुठलं शुल्क? बाहेरचं महागलं, मग मी तरी स्वस्त का देऊ म्हणाला. तुम्ही एक आकडा लिहिता मॅडम, आणि बायका इथे काउंटरवर उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघतात."

घरचं सामान माझे यजमान आणतात. तेलाचा भाव विचारल्याला मला दहा वर्षं झाली असतील.

"बारा डबे तुम्हीच विकलेत तिला," मी थोड्या वेळाने म्हटलं.

तो कपाटाच्या काचेत बघत राहिला. "शेठनं माल बंद केला तर दुकानाला कुलूप लागेल माझ्या. औषध घ्यायला कुठे जाऊ मी?"

"ते बाळ शनिवारी उपाशी राहील."

"माहितीये," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. "पण मी सही फिरवणार नाही."

मी रस्त्यावर आले. ताई खरं बोलत होती हे आता मला कळलं होतं, पण साहेबांसमोर ठेवायला माझ्याकडे एका घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांतल्या पाण्याशिवाय काही नव्हतं.

५

तशीच शेठच्या पेढीवर गेले. पेढीवर गारवा, गालिचा, भिंतीवर जहाजाचं चित्र. टेबलावर आमचं नवं क्रमांकपुस्तक उघडं पडलं होतं. पानांचे कोपरे मळलेले, जागोजाग पेन्सिलीच्या खुणा.

"वाचता वाटतं?"

"वाचावं लागतं. तुम्ही दीड महिन्यापूर्वी निम्मे क्रमांक बदललेत. जुन्या क्रमांकावर कागद भरला तर माल बंदरात अडकतो."

हे खरं होतं. खाण्यापिण्याच्या वस्तू एका जागी आणायच्या म्हणून एका समितीने पुस्तक नव्याने लावलं होतं, आणि शेकडो वस्तूंचे जुने क्रमांक गेले होते. काहींचे तसेच राहिले. जुन्या प्रती कार्यालयातून परत घेऊन माझ्यासमोर यंत्रात घातल्या गेल्या, सगळ्या एकेचाळीस.

"यादी कुणी दिली?"

शेठने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मी उठले. दारापाशी पोचले आणि पाय थांबले. केमिस्टचं बोलणं डोक्यात फिरत होतं. तेल. सगळ्यात मोठी वाढ तेलावर होती.

"शेठ, तुम्ही तेल का नाही घेतलंत?"

"माझा धंदा औषधांचा."

"थर्मास औषधाच्या दुकानात विकतात?"

पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. तो चिडला होता, पण माझ्यावर नाही. फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा असतो तसा तो चेहरा होता.

मी धावत सुटले. या वयात आणि या नोकरीत बरं दिसत नाही, पण धावले.

६

कार्यालयात येऊन यादीची प्रत समोर घेतली. एकोणीस क्रमांक. त्यातल्या दोन वाढी सगळ्यांत मोठ्या. दोनशे बारा, पाचाचे पंचवीस. चारशे सतरा, दहाचे पस्तीस. नवं पुस्तक उघडलं. दोनशे बारा म्हणजे तान्ह्या मुलांची दूध पावडर. चारशे सतरा म्हणजे खाद्यतेल.

आता जुनं पुस्तक हवं होतं. एकेचाळीस प्रती यंत्रात गेल्या, पण नियमाप्रमाणे एक प्रत अभिलेखागारात मोहरबंद राहते. अभिलेखपालाने कुरकुर करत पेटी काढली. मोहर शाबूत होती, त्यावरची सही माझीच. मी ती तोडली आणि पान उलटलं.

दोनशे बारा, तान्ह्या मुलांची दूध पावडर. तो क्रमांक बदललेलाच नव्हता.

चारशे सतरा, थर्मास.

मी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

शेठला कुणी क्रमांक सांगितले असते, तर त्याने आपल्या मळक्या नव्या पुस्तकात बघितलं असतं आणि तेल भरलं असतं. त्याने थर्मास भरले, म्हणजे त्याला क्रमांक मिळालेच नाहीत. त्याला नावं मिळाली, आणि ती जुन्या पुस्तकाप्रमाणे मिळाली. ताईला नावं कुठून कळणार? तिने उभ्या आयुष्यात दोन्हींतलं एकही पुस्तक उघडलेलं नाही, ती आकडे टाइप करते. धाकटे साहेब तर पुस्तक नव्याने लावणाऱ्या समितीत होते. झोपेतही ते तेलाला थर्मास म्हणणार नाहीत.

आणि जुनं पुस्तक तर कार्यालयात कुठेच उरलेलं नव्हतं. एक माझ्या मोहरेखाली होतं. दुसरं एका माणसाच्या डोक्यात, ज्याने नवं पुस्तक वरचा कागदही न फाडता खिडकीच्या फटीत सरकवलं होतं.

मी नव्या पुस्तकात छत्री शोधली. तीनशे चाळीस. एकशे त्र्याण्णवला आता चामड्याचे पट्टे होते.

मला जे सुचलं ते खोटं ठरावं म्हणून मी सगळी मांडणी पुन्हा दोनदा केली. शुक्रवार उजाडला तरी ती तशीच राहिली.

७

"नाना, दार लावते हं."

त्यांनी मान हलवली. खिडकीची झडप आपटत होती. पुस्तक आता टेबलावर होतं, कागद फाडलेला, पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

"सोमवारी कळलं ना तुम्हाला?" मी विचारलं. "छापखान्यातून यादी आली तेव्हा."

"चारशे सतरासमोर तेल बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली." त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. वाट बघत बसल्यासारखे बोलले. "अडतीस वर्षं पोरी. एकदाही पुस्तक उघडायची पाळी आली नाही माझ्यावर. नवं आलं तेव्हा म्हटलं, काय बदललं असेल, चार-दोन क्रमांक. बघू सावकाश."

"शेठनं काय दिलं?"

"पंप." ते खिडकीकडे बघत होते. "तुझ्या काकूच्या श्वासाचा पंप. महिन्याला दोन लागतात. मागच्या वर्षी दोन हजार नऊशेला एक होता. आता छत्तीसशेला आहे. आधीच्या एका यादीत पाचाचं तीस टक्के केलं ना आपण. तो क्रमांक बदललेला नाही, सातशे एक. पाकिटातून निघाला तेव्हा मी ओळखला. माझ्या हातानं यादीत चढवला मी, पोरी. चढवायचाच होता. त्यानंतर ती दोनाऐवजी एकच वापरायला लागली, मला न सांगता. पहाटे उशीला तोंड दाबून खोकायची. शेठ म्हणाला, सहा महिन्यांचे पंप देतो, फक्त मोठ्या वाढीच्या दोन वस्तू सांगा."

मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

"आणि ताई? तिच्या नातवाचं दूध उद्या सकाळी संपतंय, हे माहीत होतं तुम्हाला?"

"रोज हिशेब करत होतो," नाना म्हणाले. "मंगळवारपासून जेवण घशाखाली उतरलं नाही. रोज ठरवायचं की आज सांगू. मग घरी गेलं की काकू विचारायची, तोंड का उतरलंय, आणि तिचा श्वास नीट चाललेला असायचा."

"डबे सापडले ना, असं म्हणालात तुम्ही. माझ्याच तोंडावर."

"म्हणालो." त्यांनी हात तोंडावर घेतला. "तेवढं मला कुणी माफ करू नये."

मी कोरा कागद पुढे केला. त्यांनी अडतीस वर्षांच्या त्या वळणदार अक्षरात सगळं लिहून काढलं, एकही शब्द न खोडता. खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"शाळेतलं पोरगंसुद्धा उघडून बघतं," ते म्हणाले. "मी नाही बघितलं."

८

ताईचे बारा डबे मी स्वतः नेले. शुक्रवार, दुपारचे तीन. दार उघडताच तिने आधी माझ्या हातांकडे बघितलं. दोरी सोडायला मी कात्री मागितली, पण तिने लाखेची गाठ दातांनी तोडली. मग पाणी उकळलं, निवलं, चमचा शिगोशीग भरला गेला. बाळ दोन्ही मुठी बाटलीवर ठेवून प्यायलं आणि पिता पिताच झोपलं. मला रडू आवरलं नाही. मी तोंड फिरवलं नाही.

"कोण होतं?" ताईने विचारलं.

मी सांगितलं. ती खाली बसली. बराच वेळ पदराची किनार बोटांत फिरवत राहिली.

"आणि शेठच्या गोदामातले डबे?" मग तिने विचारलं.

"खटला उभा राहीपर्यंत सीलबंद."

"म्हणजे दुकानात नाहीतच."

"नाहीत."

तिने झोपलेल्या बाळाकडे बघितलं, आणि मला आभार वगैरे काही म्हणाली नाही. तेच बरं झालं.

तिथून नानांच्या घरी. तेही माझंच काम होतं. काकूंनी दार उघडलं, मला ओळखून हसल्या, आत बोलावलं. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. ऐकून झाल्यावर त्या उठल्या आणि कपाट उघडून पंपांची खोकी एकेक करून टेबलावर मांडली. अकरा होती.

"मला म्हणाले, कार्यालयातून मिळतात आता," त्या म्हणाल्या. "मी शेजारणीला सांगितलं गं, किती काळजी घेतात तुमच्याकडचे लोक."

साहेबांना मी कालपासून पटवत होते की घरात गरजेची वस्तू सापडली म्हणजे ती पुरावा होत नाही. इथे मात्र ती पुरावाच होती. अकरा खोकी मी मोजली, दोरीने बांधली आणि लाख तापवायला काडी ओढली. धुराने काकूंना ठसका लागला. वापरातला बारावा पंप त्यांच्या कनवटीला होता. त्यांनी तो काढून माझ्यापुढे धरला.

"हाही घे. त्यातलाच आहे."

"तो राहू दे काकू," मी म्हटलं, आणि पंचनाम्यात अकराच लिहिले. माझ्या नोकरीतली ही पहिली खोटी नोंद.

"किती दिवस जाईल?"

"जपून ओढला तर आठ-दहा."

बांधलेली खोकी कार्यालयाच्या गाडीत ठेवून मी चालतच निघाले. ताईच्या घराच्या कोपऱ्यावर केमिस्टचं दुकान उघडं होतं. काउंटरवर दोन बायका तेलाच्या भावावरून बोलत उभ्या होत्या. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा केमिस्ट मला बघून चपापला.

"श्वासाचा पंप," मी म्हटलं. "दोन द्या. महिन्याला दोन लागतात."

त्याने वरच्या फळीवरून दोन खोकी काढली आणि काउंटरवर ठेवली. "सात हजार दोनशे."

मी पर्स उघडली. नोटा बाहेर काढून मोजल्या, आतला कप्पा चाचपला, पुन्हा मोजल्या. मागे उभी असलेली बाई माझ्या हातांकडे बघत होती.

"एकच द्या," मी म्हटलं.